डाव्याच पट्टीला गंज का? १९९९ च्या एका कमांडर जीपच्या चेसिसचं प्रकरण

मे २०२४ मध्ये तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदाराची जीप माझ्या गॅरेजला आली. महिंद्रा कमांडर, १९९९ ची, एमएच-१० म्हणजे सांगली पासिंग. खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. त्या हिशेबाने २०१४, २०१९ झालं आणि आता जुलै २०२४ ची पाळी होती. आरटीओत गाडी दाखवायच्या आधी "खालून जरा काळा रंग मारून द्या" एवढंच मालकाचं म्हणणं होतं. रंगाचं नंतर बघू, आधी गाडी वर घेऊ, असं मी म्हटलं.

गाडीची कुंडली त्यांनीच सांगितली. आधीचा मालक सांगलीत कर्नाळ रोडच्या बाजूला राहायचा. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी तिथे ४५ फूट आहे. त्या पुरात जीप बॉनेटपर्यंत बुडून राहिली. इंजिन उतरवून साफ केलं, वायरिंग बदललं आणि पुढच्या वर्षी ती स्वस्तात यांच्याकडे आली. त्यामुळे गंजाचं कारण घरातल्या सगळ्यांना आधीच माहीत होतं. "पुरातली गाडी हाय, गंज येणारच की." आरोपी ठरलेला होता, फक्त रंग मारायचा बाकी होता.

हातोडीने काय सांगितलं

चेसिस तपासायला छोटी हातोडी, जाड स्क्रूड्रायव्हर आणि टॉर्च एवढं पुरतं. पट्टीवर वीतभर अंतराने ठोकत जायचं. निरोगी पोलाद खणखणतं, पापुद्रे सुटलेलं पोलाद भद्द वाजतं. भद्द आवाज येईल तिथे स्क्रूड्रायव्हरचं टोक जोर लावून दाबायचं. वरवरची लालसर पूड पंचवीस वर्षांच्या गाडीला चेसिसभर असतेच, ती मी हिशेबात धरत नाही. बघायच्या त्या दोनच गोष्टी. थरावर थर सुटताहेत का, आणि खड्डे पडलेत का.

या जीपची उजवी लाँग मेंबर, म्हणजे चेसिसची उजवीकडची लांब पट्टी, पुढून मागेपर्यंत खणखणली. बॉडी चेसिसवर बसते त्या बॉडी माउंटच्या खाचांमध्ये पुराचा गाळ दगडासारखा घट्ट बसला होता. तो खरवडल्यावर खाली गंज होता, पण समान पसरलेला आणि उथळ. डाव्या बाजूला मागच्या सीटच्या खालपासून मागच्या पाट्याच्या (स्प्रिंगच्या) पुढच्या हँगरपर्यंत, साधारण दोन फुटांत, चित्रच वेगळं होतं. बोटाने पापुद्रे निघत होते. त्यांच्याखाली पट्टी देवीच्या व्रणांसारखी खड्ड्या-खड्ड्यांची झालेली. खालच्या फ्लँजमध्ये, म्हणजे पट्टीच्या खालच्या आडव्या कडेत, एका जागी स्क्रूड्रायव्हर आरपार गेला.

पुराच्या पाण्याने डावं-उजवं पाहिलं नसतं. बुडालेल्या गाडीचा गंज मला चांगला ओळखू येतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर सांगलीतल्या अशा गाड्यांना इथल्या गॅरेजमध्ये तोटा नव्हता. तो बंद खाचांत, गाळाखाली, दोन्ही बाजूंना सारखाच सापडतो. एकाच पट्टीवरचे दोन फूट खाऊन बाकी चेसिस सोडून देणारा गंज वरून काहीतरी गळल्याशिवाय येत नाही.

म्हणून खालून उठून वरून पाहिलं. त्याच जागेवरचा हौद्याचा, म्हणजे मागच्या भागाच्या तळाचा, पत्रा चाळणी झाला होता आणि भोकांच्या कडेला निळसर हिरवे डाग होते. इथे काय ठेवता, म्हणून विचारलं. फवारणीचं पिंप उजवीकडे पंपाशेजारी असायचं. डाव्या कोपऱ्यात असायचा मोरचुदाचा कॅन.

मोरचूद आणि लोखंड

द्राक्षवाल्यांना बोर्डो मिश्रण सांगायची गरज नाही. बाकीच्यांसाठी थोडक्यात: एक टक्क्याचं मिश्रण करायचं तर १०० लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि साधारण एक किलो चुना. दोन्ही वेगवेगळं भिजवायचं आणि मग एकत्र करायचं. डाऊनी या बुरशीरोगासाठी पावसाळ्यात आणि ऑक्टोबर छाटणीनंतर याच्या फवारण्या होतात. मिश्रण नीट जमलं की नाही हे पाहायला शेतकरी त्यात लोखंडी सळई किंवा विळ्याचं पातं बुडवतो. त्यावर तांबूस थर चढला तर मिश्रण अजून आम्ल आहे, चुन्याची निवळी घालावी लागते. थर चढला नाही की फवारायला घ्यायचं.

त्या सळईवर जे घडतं तेच या चेसिसवर चार वर्षं घडत होतं. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. त्याचं द्रावण लोखंडाला लागलं की लोखंड विरघळून द्रावणात जातं आणि त्याच्या जागी तांबं लोखंडावर बसतं. तेवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण बसलेलं तांबं तिथून हलत नाही. ओल आली की तांब्याचा कण आणि शेजारचं लोखंड मिळून एक छोटी बॅटरी तयार होते आणि त्यात झिजतं ते लोखंड. म्हणून असा गंज पसरत नाही, खोल जातो. फवारणी संपली, कॅन काढून ठेवला, तरी पहिल्या पावसात खड्डा पुन्हा जागा होतो.

यात एक बारकावा आहे आणि सगळं प्रकरण त्याच्यावर फिरतं. नीट केलेल्या बोर्डोने चेसिसचं फारसं बिघडत नाही. त्यातला चुना अल्कधर्मी असतो आणि तांबं न विरघळणाऱ्या रूपात बांधलेलं असतं. उजवीकडे पिंपातून सांडलेल्या मिश्रणाचे निळसर पांढरे ओघळ पट्टीवर होते, आणि त्यांच्याखाली पोलाद शाबूत होतं. घातक होतं ते चुना पडायच्या आधीचं घट्ट द्रावण. विहिरीवर मोरचूद भिजवायचं, कॅन जीपमध्ये टाकायचा आणि बागेच्या वाटेवरच्या प्रत्येक खड्ड्याला थोडं हिंदकळायचं. मिश्रणाची परीक्षा दर वेळी काटेकोरपणे घेणाऱ्या माणसाच्या गाडीत, परीक्षेआधीचं पाणी लोखंडावर गळत होतं.

संशय पक्का करायला लिकर अमोनियात (अमोनियाच्या पाण्यात) भिजवलेला कापूस खड्ड्यांवर दाबून धरला. तांब्याचे क्षार असतील तर कापूस निळा पडतो. डावीकडे तो गडद निळा झाला, उजव्या पट्टीवर, ओघळ नसलेल्या जागी, पांढराच राहिला. मोकळ्या हवेत, नाकावर फडकं घेऊन करायची ही परीक्षा आहे. खर्च नाहीच्या बरोबर आणि मालकाला पटवायला याहून चांगला पुरावा नाही.

पोटॅश खताचाही थोडा हात होताच. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. त्याची फाटकी पोती याच हौद्यातून जायची. हवेतली आर्द्रता ८४-८५ टक्क्यांच्या पुढे गेली की हे मीठ स्वतःच पाणी ओढून ओलं होतं. म्हणजे पावसाळ्यात पाऊस नसलेल्या दिवशीही पट्टीवर खारट ओल राहते.

ती आतली दुहेरी पट्टी

जड भार घेता यावा म्हणून कुणीतरी डाव्या-उजव्या दोन्ही चॅनेलमध्ये (पन्हळीसारख्या लांब पट्ट्यांमध्ये) आतून एकेक जादा पट्टी वेल्ड करून घेतली होती. आपल्याकडे हा सर्रास प्रकार आहे आणि मला तो आवडत नाही. दोन पट्ट्यांमध्ये रंग पोचत नाही, पाणी पोचतं. तयार होणारा गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा मागतो, त्यामुळे दोन पट्ट्या एकमेकींना ढकलू लागतात. डावीकडची जादा पट्टी वेल्डच्या दोन टाक्यांमध्ये फुगून आली होती. मजबुतीसाठी लावलेलं लोखंडच मूळ पट्टीला आतून खात होतं.

मालकाचा ती काढायला विरोध होता. गाडीची ताकद जाईल, असं त्यांना वाटत होतं. हल्ली क्रेटचा माल पिकअपने जातो, जीपमध्ये पंप, माणसं आणि किरकोळ सामान, हे त्यांच्याकडूनच वदवून घेतल्यावर डावीकडची पट्टी काढायचं ठरलं. उजवीकडची ठोकून, कडा तपासून तशीच ठेवली. कोरडी होती.

जाडी मोजली तेव्हा निरोगी भागात पोलाद तीन मिलिमीटरच्या आसपास होतं. खराब पट्ट्यात खड्ड्यांच्या तळाशी दोनच्या खाली. माझा ठोकताळा असा की एक तृतीयांशापेक्षा जास्त जाडी गेली असेल तर तो भाग वाचवायच्या भानगडीत पडायचं नाही, कापायचा. एक तृतीयांशाच्या आत असेल आणि जागा पाट्याच्या हँगरची किंवा स्टिअरिंग बॉक्सची नसेल, तर साफ करून रंगवायचा. इथे खालची फ्लँज आणि उभ्या बाजूचा खालचा भाग मिळून साधारण फूटभर तुकडा कापण्यात गेला. हँगरच्या रिव्हेटपर्यंत खराबी पोचली नव्हती हे नशीब. तिथवर गेली असती तर मी चेसिस बदलायचा सल्ला दिला असता. त्याला आरटीओची परवानगी लागते, कारण वाहनाच्या मूळ रचनेतल्या बदलांवर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चं बंधन आहे.

जाता जाता एक सूचना. चेसिस नंबर कोरलेल्या जागेजवळ ग्राइंडर नेऊ नका. ती जागा हाताने ब्रशने साफ करा, पेन्सिलने ठसा घेऊन ठेवा आणि पातळ पारदर्शक लॅकरने झाका. त्यावर जाड काळा रंग चढवलेला असला की आरटीओत तो खरवडत बसावं लागतं, आणि खरवडलेला नंबर बघून समोरच्याच्या मनात नको ते प्रश्न येतात.

काम

डिझेलची टाकी उतरवली, बॅटरी काढली, ब्रेकचे पाइप सोडवले. मागच्या बॉडीचे बोल्ट सैल करून ती वीतभर उचलून लाकडी ठोकळे दिले. पूर्ण बॉडी उतरवली असती तर उत्तम, पण बजेट नव्हतं.

ब्रेकचा पाइप हातात आल्यावर माझं चेसिसवरचं लक्षच उडालं. डाव्या पट्टीला क्लिपने बांधलेला मागच्या चाकांचा पाइप क्लिपच्या खाली इतका खाल्ला गेला होता की हाताने वाकवताना तुटला. चेसिसची पट्टी खचायला काही हंगाम जातात, ब्रेकचा पाइप एका दाबात फुटतो. जुन्या गाडीचा गंज बघताना लोक पट्टीवर टॉर्च मारतात आणि तिच्यावरून जाणाऱ्या पाइपकडे बघत नाहीत. क्लिप काढून तिच्याखालची जागा बघा, गंज तिथेच असतो. मागचा सगळा पाइप नवा टाकला, ब्रेक ऑइलही पूर्ण बदललं.

कापताना चेसिसखाली चार ठिकाणी स्टँड दिले आणि कापण्याआधी व नंतर दोन्ही कर्ण मोजले. नवा तुकडा मूळ जाडीच्या पत्र्यातून वाकवून घेतला, कोपरे गोल ठेवले. जोड फ्लँजला आडवा सरळ न घेता तिरपा घेतला, म्हणजे सगळा ताण एका रेषेवर येत नाही. वेल्डिंग सीओटू वायूच्या मशीनने, थोडं थोडं, मध्ये थंड होऊ देत. गंजक्या जागेवर नवी पट्टी चढवून कडेने वेल्ड मारणारे पुष्कळ भेटतील. ते काम दिसायला सुबक असतं आणि आतली दुहेरी पट्टी जे करत होती तेच पुन्हा सुरू करतं.

उरलेल्या खड्ड्यांचा प्रश्न खरा अवघड होता. कप ब्रशने गंज चकाकतो, निघत नाही. खड्ड्याच्या तळाशी तांबं आणि क्षार तसेच राहतात. म्हणून एवढ्या भागाला ब्लास्टिंग केलं, म्हणजे दाबाच्या हवेने बारीक खड्यांचा मारा केला. आधी नुसत्या पाण्याच्या प्रेशरने धुतलं, कारण न धुता ब्लास्टिंग केलं तर वरचे क्षार खड्ड्यांत ठोकले जातात. मारा गार्नेटच्या खड्यांचा. नदीची वाळू वापरून उघड्यावर ब्लास्टिंग करणारे अजून आहेत. त्या धुळीतली सिलिका फुप्फुसात बसते आणि तिथून निघत नाही. स्वस्त पडतं म्हणून ते करू नये.

पहिल्या ब्लास्टिंगनंतर पट्टी पांढरीशुभ्र दिसत होती आणि रंगवायला हात शिवशिवत होते. त्या रात्री वळीव झाला. गाडी शेडमध्येच होती, पण हवा दमट झाली. सकाळी पांढऱ्या पोलादावर नेमके खड्ड्यांच्या जागी काळे ठिपके उठलेले. क्षार शिल्लक असल्याची ही खूण. रंग आधीच मारला असता तर हेच ठिपके रंगाखाली उठले असते. आरओच्या पाण्याने ब्रश मारून खड्डे पुन्हा धुतले, वाळवले, पुन्हा ब्लास्टिंग केलं आणि अमोनियाचा कापूस पांढरा राहिल्यावरच प्रायमर काढला. गॅरेजच्या विहिरीचं पाणी या कामाला वापरलं नाही. कृष्णाकाठच्या क्षारपड पट्ट्यातलं पाणी वाळलं की भांड्यावर पांढरी साय धरतं. तेच खड्ड्यात धरलं असतं.

प्रायमर दोन घटकांचा इपॉक्सी, झिंक फॉस्फेटचा. रेड ऑक्साइड स्वस्त आहे आणि सगळीकडे मिळतो, पण एकटा रेड ऑक्साइड ओल अडवत नाही, त्यावर चांगला रंग चढला तरच त्याचा उपयोग. मे महिन्यात दुपारी पोलादाला हात लावता येत नाही आणि मिसळलेला इपॉक्सी डब्यातच लवकर घट्ट होतो, म्हणून काम सकाळी लवकर केलं. कडा, वेल्ड आणि रिव्हेटच्या डोक्यांना आधी ब्रशने एक हात दिला. ओला रंग धारेवरून मागे सरकतो आणि तिथेच थर पातळ पडतो. गंजाची पहिली रेघ कडेलाच का दिसते, याचं कारण हे. मग सगळीकडे दोन हात, मिळून दीडशे मायक्रॉनच्या आसपास. वरून फिकट राखाडी पीयू (पॉलियुरेथेन) रंग. मालकाला काळाच हवा होता. काळ्यावर गंजाचा ओघळ दिसत नाही, राखाडीवर लगेच दिसतो, म्हणून मी हट्ट धरला.

बाकी चेसिसवर, जिथे गंज वरवरचा आणि घट्ट होता, तिथे तारेच्या ब्रशनंतर फॉस्फोरिक आम्लाचा रस्ट कन्व्हर्टर वापरला, उरलेलं आम्ल पुसून धुतलं आणि मग तोच प्रायमर. कन्व्हर्टर पातळ गंजावर चालतो. पापुद्र्यांवर ओतला तर वरचा पापुद्रा काळा होतो, खालचं काम चालू राहतं. उजव्या दुहेरी पट्टीच्या फटीत आणि क्रॉस मेंबरच्या (दोन लांब पट्ट्या जोडणाऱ्या आडव्या पट्टीच्या) पोकळीत लांब नळीने मेण फवारलं. त्याआधी पाणी निघायची सगळी भोकं तारेने मोकळी केली. तीन तर गाळाने बंद होती.

जळकं ऑइल मारायचं का, हा प्रश्न आलाच. आमच्याकडे दर पावसाळ्याआधी चेसिसला जळकं ऑइल मारणारी माणसं आहेत आणि त्यांच्या काही गाड्या खरंच टिकल्या आहेत. पण त्या ऑइलमध्ये इंजिनातली आम्लं असतात, रबरी बुश फुगतात, आणि मुख्य म्हणजे ते ठिबकतं. ही जीप उभी राहते ती द्राक्षाच्या ओळींमध्ये. माल निर्यातीला जातो तिथे जमिनीवर जळकं ऑइल सांडायचं काही कारण नाही.

पुढची व्यवस्था

जीप बिघडवणारी सवय बदलली नाही तर रंगाला फार आयुष्य नाही. मोरचूद आता बागेतच, वापरायच्या जागी भिजवलं जातं. जीपमधून जातो तो कोरडा खडा, झाकणाच्या प्लास्टिक डब्यात. हौद्याचा पत्रा बदलला आणि पंपाखाली प्लास्टिकचा ट्रे बसवून त्याची नळी पट्टीच्या बाहेर काढली. पोटॅश ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून. बेदाण्याच्या हंगामात गंधकाची धुरी देतात त्या शेडला लागून गाडी लावायची नाही, हेही ठरलं. तो धूर ओलीत मिसळला की आम्लच होतो. धुणं फवारणीच्या प्रत्येक आठवड्याला, कालव्याच्या पाण्याने, आणि धुऊन झाल्यावर गाडी उतारावर तोंड करून उभी, म्हणजे चॅनेलमधलं पाणी वाहून जातं.

जुलैत गाडी आरटीओत पास झाली. दिवाळीनंतर पुन्हा वर घेतली तेव्हा दुरुस्त केलेली पट्टी स्वच्छ होती. मागच्या क्रॉस मेंबरच्या एका रिव्हेटखालून मात्र राखाडी रंगावर बोटभर तांबूस ओघळ उतरला होता. रिव्हेटभोवती घासून, धुऊन, प्रायमर दिला आणि सांध्यात मेण भरलं. २०२५ च्या पावसाळ्यानंतर तो ओघळ परत आला नाही. उजव्या बाजूचा पुढचा एक बॉडी माउंट अजून उघडलेला नाही. त्याचा बोल्ट जाम आहे, कापावा लागेल, आणि त्याच्या खाचेत पुराचा गाळ असणारच. तो २०२९ च्या नूतनीकरणाआधी, बॉडी उतरवून करायचा, असं मालकाशी बोलणं झालं आहे.